लुई आर्मस्ट्राँगचा ओठ आणि त्याची पन्नास वर्षांची कारकीर्द

जुनीतबकडी

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँगवर लिहिलेलं जे वाचायला मिळतं, त्यातलं बहुतेक १९२८पाशी थांबतं. हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन हे त्याचे बँड, 'वेस्ट एंड ब्लूज' ही तबकडी, आणि मग एकदम १९६४, 'हॅलो, डॉली!', पांढरा रुमाल, हसरा चेहरा. मधली पस्तीस वर्षं 'नंतर तो लोकरंजनाकडे वळला' एवढ्यावर उरकतात. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. का, ते तपशिलात मांडतो. ट्रम्पेट वाजवणाऱ्या सदस्यांनी त्यात भर घालावी.

माझं म्हणणं असं की ही कारकीर्द समजून घ्यायला त्याच्या वरच्या ओठाकडे बघावं लागतं. १९३० ते १९३३ या काळात त्याने तो ओठ उंच स्वरांच्या मागे लागून फाडून घेतला. पुढे जे वादन ऐकू येतं, ते जखमी ओठाला झेपेल आणि तरी संगीत म्हणून तसूभरही कमी पडणार नाही, अशा बेताने नव्याने बांधलेलं आहे.

आधीचे टप्पे थोडक्यात. जन्म न्यू ऑर्लिन्स, ४ ऑगस्ट १९०१. तो स्वतः जन्मभर ४ जुलै १९०० सांगत असे. बाप्तिस्म्याची नोंद त्याच्या मृत्यूनंतर सापडली. १९१२च्या शेवटच्या रात्री पिस्तूल उडवलं म्हणून सुधारगृहात रवानगी झाली. तिथे पीटर डेव्हिस यांच्याकडे बिगुल आणि मग कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, जरा आखूड वाद्य). १९१८मध्ये कॉर्नेटवादक जो 'किंग' ऑलिव्हर शिकागोला गेला आणि किड ओरीच्या बँडमधली त्याची जागा याला मिळाली. १९१९पासून फेट मॅरेबलच्या बँडबरोबर मिसिसिपीवरच्या बोटींवर. लिहिलेलं नोटेशन वाचून वाजवण्याची शिस्त या बोटींवर लागली. ऑगस्ट १९२२मध्ये ऑलिव्हरने शिकागोला बोलावून घेतलं, दुसरा कॉर्नेट वाजवायला. एप्रिल १९२३मध्ये रिचमंड, इंडियाना इथे जेनेट कंपनीसाठी पहिलं ध्वनिमुद्रण. 'चाइम्स ब्लूज'मध्ये त्याचा पहिला मुद्रित सोलो (एकट्याचं वादन) आहे.

१९२४च्या शरदात न्यूयॉर्क, फ्लेचर हेंडरसनचा बँड. १९२५च्या अखेरीस परत शिकागो, आणि १२ नोव्हेंबर १९२५ला ओके या तबकडी कंपनीसाठी हॉट फाइव्हचं पहिलं सत्र: ओरी ट्रोम्बोन, जॉनी डॉड्स क्लॅरिनेट, लिल हार्डिन पियानो, जॉनी सेंट सिर बँजो. ड्रम नाही, बास नाही. १९२६च्या सुमारास त्याने कॉर्नेट सोडून ट्रम्पेट हाती घेतला. थिएटरच्या वाद्यवृंदात शेजारचा वादक ट्रम्पेट वाजवायचा, त्याच्याशी आवाज जुळवायला. मे १९२७च्या हॉट सेव्हनमध्ये ट्यूबा आणि ड्रम आले.

१९२९ला तो न्यूयॉर्कला गेला आणि मोठ्या बँडसमोर एकटा उभा राहू लागला. ओठाची गोष्ट इथून सुरू होते.

---

काळीदोन

धागा काढल्याबद्दल आभार. 'वेस्ट एंड ब्लूज'वर (२८ जून १९२८, शिकागो) जरा थांबू या, कारण नंतर काय बदललं ते मोजायचं तर आधी काय होतं ते नेमकं माहीत हवं.

सूर काळी दोन, म्हणजे ई फ्लॅट. ट्रम्पेट बी फ्लॅटचा असल्याने वादकाला पांढरी चारचं स्केल वाजवावं लागतं. लिहिलेल्या स्वरापेक्षा ऐकू येणारा स्वर एका पूर्ण स्वराने खाली. बारा बारचे (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) ब्लूज, पाच आवर्तनं. सुरुवातीला एकट्या ट्रम्पेटचा कॅडेन्झा, म्हणजे मुक्त लयीतला उतारा, मग:

पहिलं आवर्तन सगळ्यांचं, धून ट्रम्पेटकडे. दुसरं ट्रोम्बोन (फ्रेड रॉबिन्सन), मागे झुटी सिंगल्टनचा टकटक ठेका. तिसऱ्यात जिमी स्ट्राँगच्या क्लॅरिनेटला आर्मस्ट्राँग शब्दांविना गळ्याने उत्तर देतो. चौथं अर्ल हाइन्सचा पियानो. पाचव्यात ट्रम्पेट वरचा स्वर धरतो आणि जवळजवळ चार बार सोडत नाही.

हा धरलेला स्वर म्हणजे ट्रम्पेटवाल्यांचा हाय सी. प्रत्यक्षात ऐकू येते काळी पाच, सुमारे ९३२ हर्ट्झ. म्हणजे ओठ सेकंदाला ९३२ वेळा उघडतो-मिटतो, आणि तेही या संथ लयीत दहाएक सेकंद. तो स्वर आधी सरळ ठेवतो आणि कंप शेवटाकडे आणतो. हा कंप त्याची सही आहे. पुढे पन्नासच्या दशकातही दोन सेकंदांत माणूस ओळखू येतो तो यामुळेच.

कॅडेन्झा उतरवून वाजवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सुरुवातीचे चार सुटे स्वर घाईत घेतले जातात. त्या चारांतच लयीचा सगळा झोल आहे. ते आखडले की पुढची चढण यांत्रिक वाटते. दुसरी चूक, आठवे (अर्ध्या मात्रेचे) स्वर कागदावर दिसतात तसे सारख्या लांबीचे वाजवणं. तिसरी, उतरताना दम संपणं, कारण चढताना हवा ओतून टाकलेली असते. मेट्रोनोम लावून आधी पूर्ण लयीत बसवा आणि मगच सोडा. मुक्त लय आधी धरली तर ती कधीच ताब्यात येत नाही.

---

पितळी

ओठाबद्दल मी लिहितो.

तोंडाभोवती गोल स्नायू असतो. माउथपीसची (ट्रम्पेटच्या तोंडाला लावायच्या टोकाची) कडी त्यावर टेकते आणि कडीच्या आतला ओठाचा भाग थरथरतो. स्वर वर न्यायचे दोन मार्ग. एक, ओठाचे कोपरे घट्ट धरून हवेचा वेग वाढवणं. दुसरा, माउथपीस ओठावर दाबणं. दुसऱ्या मार्गाने स्वर लगेच मिळतो, म्हणून तो फसवा. दाबाने रक्तपुरवठा तुटतो, ओठ सुजतो, सुजलेला ओठ नीट थरथरत नाही, मग तोच स्वर काढायला आणखी दाब लागतो. हे चक्र एका रात्रीत पूर्ण होतं. रोज चाललं तर कडीखाली घट्टा धरतो, घट्ट्याच्या कडेला चीर पडते. त्यातही कडी ओठाच्या लाल मऊ भागावर टेकत असेल तर नुकसान फार लवकर होतं, कारण तिथे आधाराला स्नायू जवळजवळ नसतो. आर्मस्ट्राँगच्या जवळून घेतलेल्या फोटोंत वरच्या ओठावरचा कडीचा वण स्पष्ट दिसतो.

आता १९३१-३२चे त्याचे कार्यक्रम आठवा. 'टायगर रॅग' आणि 'शाइन'मध्ये शंभरावर हाय सी ओळीने वाजवायचे आणि शेवटी वरच्या एफवर जाऊन थांबायचं. लोक मोजायचे. हे रात्रीत एकापेक्षा जास्त खेळांत, दिवसामागून दिवस, मध्ये प्रवास. कुठलाही ओठ हे सोसणार नाही. १९३३मध्ये लंडनमध्ये रंगमंचावर ओठ फुटला. १९३४चा मोठा काळ पॅरिसमध्ये विश्रांतीत गेला, त्या शरदात तिथे थोडं मुद्रण केलं आणि मग पुन्हा बंद. पुढचं सत्र थेट ऑक्टोबर १९३५मध्ये, डेका कंपनीसाठी. ऐन चौतिशीत जवळजवळ वर्षभर मुद्रण नाही.

१९८२मध्ये एका प्लास्टिक सर्जनने ट्रम्पेटवादकांत या गोल स्नायूचे तंतू तुटण्याच्या दुखापतीवर लिहिलं आणि तिला 'सॅचमो सिंड्रोम' हे नाव दिलं. सॅचमो हे आर्मस्ट्राँगचंच टोपणनाव. लक्षणं अशी: वरचे स्वर अचानक जातात, बाजूने हवा सुटते, थोड्या वेळात ओठ हरतो, बोटाने चाचपलं तर स्नायूत खळगा लागतो. वेदना असेलच असं नाही, आणि म्हणूनच वादक दुर्लक्ष करतात. स्नायू तुटला असेल तर विश्रांतीने भागत नाही, शस्त्रक्रिया लागते.

---

सातारचा_ट्रम्पेट

पितळी, एक शंका. ओठ फुटल्यावर तो मलम लावायचा असं वाचलं आहे. त्याचा कितपत उपयोग होत असेल?

---

पितळी

हो, जर्मनीतल्या मानहाइमच्या फ्रान्झ शुरिट्झ या वादकाने तयार केलेलं मलम तो वापरायचा, आणि पुढे ते त्याच्या नावाने विकलंही गेलं. मलमाने कातडी मऊ राहते, कोरड्या हवेत चिरत नाही. आतल्या स्नायूवर त्याचा काहीच परिणाम नाही. वाजवण्याआधी लावायचं असेल तर पुसून टाकून वाजवा, नाहीतर कडी सरकते आणि ती स्थिर ठेवायला माणूस नकळत जास्त दाबतो. रात्री झोपताना लावणं सर्वांत चांगलं. साधी पेट्रोलियम जेलीही चालते.

आर्मस्ट्राँग ओठावरचा घट्टा पात्याने खरवडायचा असं त्याच्या सहवादकांनी सांगून ठेवलं आहे. हे कुणीही करू नये. संसर्ग झाला तर महिने जातात आणि भरलेली जागा पूर्वीसारखी थरथरत नाही.

---

ठायलय

ओठाची बाजू पटली, पण धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याला हरकत घेतो. १९३५नंतर तो ठरलेले सोलो वाजवत राहिला. 'इंडियाना' घ्या. पन्नासच्या दशकात ऑल स्टार्स या त्याच्या छोट्या बँडचा जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम त्याने सुरू होतो आणि सोलो रात्रीमागून रात्री तोच. जॅझमध्ये तत्काळ सुचणं हा प्राण असेल तर ही थकव्याचीच खूण म्हणावी लागेल.

---

काळीदोन

सोलो आधी बांधून ठेवणं ही त्याची म्हातारपणाची सवय नव्हती. 'कॉर्नेट चॉप सुई' त्याने जानेवारी १९२४मध्ये स्वहस्ते लिहून कॉपीराइटसाठी पाठवलं. मुद्रण झालं २६ फेब्रुवारी १९२६ला. कागद आणि तबकडी शेजारी ठेवली तर दोन्ही फार जवळ आहेत. ज्या काळाला सगळे उत्स्फूर्त म्हणून मान देतात, त्याच काळातला हा पुरावा. तो सोलो रचायचा, घासायचा, आणि बसला की तसाच ठेवायचा.

दुसरं, 'स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू'ची दोन मुद्रणं लागोपाठ ऐका. पहिलं हॉट फाइव्हचं, डिसेंबर १९२७. दुसरं डेकाचं, मोठ्या बँडसह, जानेवारी १९३८. दुसऱ्यात तो मूळ सोलो पुन्हा म्हणत नाही. स्वर कमी, वाक्यं लांब, ठोक्याच्या जरा मागे रेलून, आणि शेवटाकडे वर चढत जाणारा एकच मोठा उतारा. माझ्या मते १९३८चा सोलो श्रेष्ठ आहे. आणि तो ओठ फुटल्यानंतरचा आहे.

---

जुनीतबकडी

ठायलय, तुमचा 'इंडियाना'चा मुद्दा खरा आहे, पण कार्यक्रमाच्या आखणीत तो कुठे बसतो ते बघा.

१७ मे १९४७ला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये छोट्या बँडचा कार्यक्रम झाला, आणि ऑगस्टपासून मोठा बँड बंद करून ऑल स्टार्स सुरू झाले. पैशाचं कारण होतंच, युद्धानंतर सोळा-सतरा माणसं पोसणं फार थोड्यांना जमत होतं. पण ओठाच्या दृष्टीने ही रचना फार शहाणपणाची आहे. सलामीला 'स्लीपी टाइम डाउन साउथ', संथ, मधल्या सप्तकात. ओठ गरम. मग 'इंडियाना', वेगवान, पण प्रत्येक वळण माहीत असलेलं, त्यामुळे अनपेक्षित ताण नाही. त्यानंतर गाणं, म्हणजे ओठाला विश्रांती. पुढे एक गाणं पियानोचं, एक ट्रोम्बोनचं, एक क्लॅरिनेटचं, एक बासचं, एक ड्रमचं, गायिका व्हेल्मा मिडलटनची दोन-तीन. त्यांत तो सुरुवातीला आणि शेवटी धून वाजवतो, मध्ये बाजूला उभा राहतो. दोन तासांच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष फुंकण्याचा वेळ अशा रीतीने वाटून टाकलेला आहे. वर्षाला तीनशेच्या आसपास रात्री वाजवणारा माणूस साठीतही ट्रम्पेट हातात धरू शकला तो या वाटपामुळे. १९३२मध्ये असं वाटप कुणी केलं असतं तर १९३४ची वेळच आली नसती.

१९३५पासून व्यवस्थापक जो ग्लेझर होता. त्याने आर्थिक घडी बसवली हे खरं, आणि कामाचा रेटा कधी कमी केला नाही हेही तितकंच खरं.

या काळाचं उत्तम ध्वनिमुद्रण हवं असेल तर १९५४चा संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीच्या रचनांचा कोलंबियाचा संच घ्या, निर्माता जॉर्ज अवाकियन. ट्रमी यंग ट्रोम्बोन, बार्नी बिगार्ड क्लॅरिनेट, बिली काइल पियानो. त्यातला 'सेंट लुई ब्लूज' जवळजवळ नऊ मिनिटांचा आहे. ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटांत सगळं संपवावं लागायचं. इथे त्याला हवा तेवढा वेळ मिळाला आणि त्याने तो वायफळ घालवला नाही.

---

ठायलय

वाटपाचा मुद्दा मान्य. 'इंडियाना' या नजरेने पुन्हा ऐकेन. तरी १९५५नंतरची त्याची निवड मला उथळच वाटते, आणि त्या काळात समाजाच्या प्रश्नांवर तो गप्प राहिला असाही आक्षेप घेतला जातोच.

---

जुनीतबकडी

गप्प नव्हता. सप्टेंबर १९५७मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवलं, तेव्हा नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सला कार्यक्रमाआधी त्याने एका तरुण वार्ताहराला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरबद्दल आणि आर्कान्साच्या राज्यपालाबद्दल अतिशय कडक शब्दांत मुलाखत दिली आणि सरकारी सोव्हिएत दौऱ्यावर जायला नकार दिला. त्या वेळी इतक्या प्रसिद्ध कृष्णवर्णीय कलाकाराने उघडपणे असं बोलणं फार महागात पडू शकलं असतं. त्याने शब्द मागे घेतले नाहीत.

---

बार्देशकर

गोव्याचा दुवा इथे खरा आहे म्हणून लिहितो. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट (१९१६–१९६७). मुंबईत ताजमध्ये त्यांचा बँड वाजायचा आणि त्यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. ट्रम्पेट, घोगरा गळा, हातातला रुमाल, सगळं तिकडून घेतलेलं. सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी चित्रपटांसाठी काम केलं आणि 'अलबेला'त (१९५१) ते बँडसकट पडद्यावर दिसतात. मराठी कान आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटपर्यंत पोचले ते बरेचसे या वाटेने, नाव न कळता. त्यातला ट्रम्पेट ऐकताना लक्ष द्या: स्वराच्या शेवटी येणारा कंप आणि खालून ओढून वरच्या स्वरावर आदळणं, या दोन्ही गोष्टी सरळ आर्मस्ट्राँगच्या आहेत.

---

जुनीतबकडी

बार्देशकर, फार मोलाची भर.

तबकड्यांच्या वेगाबद्दल एक सूचना, जे ऐकून उतरवतात त्यांच्यासाठी. जुन्या ७८च्या पुनर्मुद्रणांत वेग अनेकदा चुकलेला असतो, १९२३च्या जेनेटमध्ये तर विशेष. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर बरोबर अर्ध्या स्वराने चढतो आणि तीन मिनिटं अठरा सेकंदांचं गाणं अकरा सेकंदांनी आखूड होतं. म्हणून एकाच गाण्याच्या दोन प्रतींची लांबी आधी ताडून बघा. मग ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) लावा. पांढरी सातचं किंवा पांढरी तीनचं स्केल निघालं तर संशय घ्या. त्या काळचे वादक बहुतेक वेळा काळी पाच, काळी दोन, पांढरी चार, काळी चार यांत वाजवायचे. सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकत असेल तर संगणकावर वेग बदलून जवळच्या पट्टीत आणा. सूर आणि वेग दोन्ही एकत्र बदलायचे. नुसता सूर बदलणारं बटण वापरलंत तर लय चुकीचीच राहील.

आणि गोंगाट काढणारी फिल्टर जपून. खरखर काढताना ट्रम्पेटची वरची धारही निघून जाते, आणि मग तो बोथट ऐकू येतो. खरखर राहू द्या.

---

सातारचा_ट्रम्पेट

शेवटचं विचारतो. दाब कमी करायचा तर माउथपीस बदलून फायदा होतो का? माझा बाख कंपनीचा सेव्हन-सी आहे, थ्री-सी घ्या असं सुचवलं जातं.

---

पितळी

आतल्या व्यासात फरक फार नाही, सेव्हन-सी १६.२० मिमी आणि थ्री-सी १६.३०. खरा फरक कडीच्या आकारात आहे. सेव्हन-सीची आतली धार तीक्ष्ण आहे, दाबणाऱ्याच्या ओठात ती रुतते. थ्री-सी तेवढी रुतत नाही. पण माउथपीसने दाबण्याची सवय जात नाही, फक्त ती उशिरा दुखते.

सवय घालवायला हे करा. ट्रम्पेट डाव्या हातात सैल धरा आणि उजव्या हाताची करंगळी ट्रम्पेटवरच्या आकड्यातून (फिंगर हुकमधून) बाहेर काढा. वर जाताना सगळे जण तिनेच ओढतात. मेट्रोनोम ६०वर, मधल्या जीपासून हळू आवाजात आठ मात्रांचा स्वर, मग आठ मात्रा ट्रम्पेट ओठावरून पूर्ण काढून विश्रांती. अर्ध्या अर्ध्या स्वराने वर. स्वर पातळ झाला किंवा करंगळी आपोआप हुककडे गेली की तिथे थांबा. तो तुमचा आजचा माथा. शेवटी खालच्या सीच्याही खाली जाऊन दोन मिनिटं सैल वाजवा, म्हणजे ओठात रक्त फिरतं. वाजवणं वीस मिनिटं असेल तर विश्रांतीही वीस मिनिटं.

ओठाला चीर असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत एकही स्वर नको, आणि भरल्यावर पहिला आठवडा मधल्या सप्तकाच्या वर जाऊ नका. 'वेस्ट एंड'चं पाचवं आवर्तन तोवर एक सप्तक खाली वाजवा. लय आणि कंपाची जागा तिथेही तितकीच नीट बसवता येते.